गायीचा ढेकर आणि तुमचा खिसा: मिथेनच्या चर्चेतून आनेकलच्या दूधउत्पादकांनी काय घ्यावे

थोडक्यात

- गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या ढेकरातून मिथेन वायू बाहेर पडतो. हवामान तापण्याच्या कारणांमध्ये त्याची गणना होते. भारतात जनावरांवर यासाठी कोणताही कर नाही.
- या वायूबरोबर तुम्ही विकत घेतलेल्या चाऱ्याची ताकदही वाया जाते. त्यामुळे लिटरमागे मिथेन कमी करण्याचे बहुतेक उपाय दुधाचा खर्चही कमी करतात.
- अशा उपायांना मदत देणाऱ्या योजना आधीपासून चालू आहेत. त्यांच्या नावात ‘मिथेन’ हा शब्द नसल्यामुळे त्या सहज लक्षात येत नाहीत. त्या कोणत्या आणि त्यांच्यासाठी काय करायचे, हे या लेखात वाचा.

चर्चा नेमकी कशाची आहे?

‘गायींवर कर बसणार’ असा संदेश तुमच्या फोनवर कधी ना कधी आला असेल. त्यामागची बातमी परदेशातली आहे. डेन्मार्कने २०२४ मध्ये पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावण्याचा निर्णय घेतला. न्यूझीलंडमध्ये २०२२ साली असाच प्रस्ताव आला होता, पण शेतकऱ्यांच्या विरोधानंतर आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये तो मागे पडला. त्या देशांत एकेका शेतकऱ्याकडे शेकडो गायी असतात आणि दूध मुख्यतः निर्यातीसाठी असते.

भारताची गोष्ट वेगळी आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात गायी-म्हशींची एकूण संख्या ३० कोटींच्या वर आहे. त्यातली बहुतेक जनावरे दोन-चार जनावरे पाळणाऱ्या घरांत आहेत. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत १०० हून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याची प्रतिज्ञा केली. भारत तिच्यात सामील झाला नाही. शेती आणि पशुपालनातले उत्सर्जन हे छोट्या शेतकऱ्यांच्या जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आहे, अशी भारताची भूमिका आहे.

तरीही हा विषय दुर्लक्ष करण्यासारखा नाही. भारताने दिलेल्या अधिकृत माहितीनुसार २०१६ साली देशाच्या एकूण हरितगृह वायूंमध्ये शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के होता. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून आला. मिथेन हवेत साधारण १२ वर्षे टिकतो. वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. हवामान बिघडले की पहिला फटका पावसावर पिकणाऱ्या रागीला (नाचणीला) आणि गोठ्यातल्या संकरित गायीलाच बसतो. कडक उन्हाळ्यात दूध कसे उतरते, हे तुम्ही पाहतच असाल.

हा वायू येतो कुठून?

गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात. सर्वांत मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव चारा कुजवून पचवतात. त्यामुळेच माणसाला न पचणारा कडबा, पेंढा आणि गवत गाय पचवते. या कामात हायड्रोजन तयार होतो आणि काही सूक्ष्म जीव त्यापासून मिथेन बनवतात. हा वायू मुख्यतः तोंडावाटे, ढेकरातून बाहेर जातो. मागच्या बाजूने जाणारा भाग फारच थोडा असतो.

चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेचे शंभर भाग केले, तर वैरणीवर जगणाऱ्या जनावरात साधारण सहा-सात भाग मिथेनबरोबर निघून जातात. समजा एका गायीचा दिवसाचा चारा आणि खुराक २०० रुपयांचा आहे. त्यातले १२ ते १४ रुपये रोज ढेकरातून जातात, असा ढोबळ हिशेब निघतो. हा तोटा शून्यावर आणता येत नाही, कारण रवंथ म्हटले की मिथेन आलाच. तो कमी मात्र करता येतो. नुसता सुका, जाडाभरडा चारा असेल तर चाऱ्याच्या मानाने मिथेन जास्त होतो आणि दूध कमी मिळते. हिरवा चारा, खुराक आणि खनिजे योग्य प्रमाणात मिळाली, तर त्याच चाऱ्यातून दूध जास्त निघते.

हिशेब जनावरामागे नको, लिटरमागे करा

देशाच्या हिशेबात वापरलेले आकडे असे आहेत: वर्षाला दुभती देशी गाय सुमारे २८ किलो, संकरित गाय सुमारे ४३ किलो आणि म्हैस सुमारे ५० किलो मिथेन सोडते. हे पाहून देशी गाय सर्वांत चांगली असे वाटेल. दूध मोजले की चित्र बदलते.

एक उदाहरण घेऊ. एका घरी दोन संकरित गायी आहेत. दोघी दिवसाला प्रत्येकी ५ लिटर दूध देतात. ३०० दिवसांत ३,००० लिटर दूध आणि वर्षाला सुमारे ८६ किलो मिथेन, म्हणजे लिटरमागे २९ ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या घरी एकच गाय आहे आणि ती १० लिटर देते. ती जास्त खाते, म्हणून तिचा मिथेन ५५ किलो धरू. दूध तेवढेच, ३,००० लिटर. लिटरमागे सुमारे १८ ग्रॅम. दुसऱ्या घरात मिथेन कमी आहेच, शिवाय एका जनावराचा चारा, जागा आणि मेहनतही वाचली आहे.

यावरून कोणी तुम्हाला हळ्ळीकर जोडी किंवा देशी गाय विकायला सांगत असेल, तर ऐकू नका. हळ्ळीकर हे मुख्यतः ओढकामाचे जनावर आहे. त्याचे मोल दुधाच्या लिटरने ठरत नाही. सांगायचे एवढेच की दुधासाठी पाळलेले जनावर भाकड राहणार नाही आणि उपाशी राहणार नाही, ही काळजी घेणे हाच पहिला हवामान उपाय आहे.

भाकड काळाचाही हिशेब करा. गाय १३ महिन्यांनी विते आणि १० महिने दूध देते, तर ती ३ महिने बिनदुधाची असते. दोन वेतांमधले अंतर १८ महिने झाले, तर ती ८ महिने बिनदुधाची राहते. या जास्तीच्या पाच महिन्यांत चारा आणि ढेकर दोन्ही चालूच असतात. डेअरीवरून मात्र एक रुपयाही येत नाही.

आनेकलची खरी अडचण

आनेकल तालुक्यात जिगणी, बोम्मसंद्र आणि अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, होसूर रस्त्याला इलेक्ट्रॉनिक सिटी वाढली आणि गावागावांत लेआउट पडले. चराईची मोकळी जमीन आणि हिरव्या चाऱ्याचे तुकडे आक्रसले. बेंगळुरूची दुधाची मागणी मात्र वाढतच आहे. परिणामी अनेक गोठ्यांत रागीचा पेंढा आणि विकतचे पशुखाद्य यांवरच भागवावे लागते. पेंढा जास्त आणि हिरवा चारा कमी असला की दूध कमी, खर्च जास्त आणि मिथेनही जास्त.

म्हणून या तालुक्यात मिथेनचा प्रश्न हा मुळात चाऱ्याचा प्रश्न आहे. पुढच्या योजना त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. चारा आणि समतोल आहार

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने (एनडीडीबी) राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात समतोल आहाराचा कार्यक्रम देशभर राबवला. गावातलीच प्रशिक्षित व्यक्ती जनावराचे वजन, दूध आणि घरात उपलब्ध असलेला चारा पाहून रोजचा आहार ठरवून देत असे. २८ लाखांहून अधिक जनावरे त्यात आली. जनावरामागे दिवसाला सरासरी सुमारे २५ रुपयांचा निव्वळ फायदा झाल्याची नोंद आहे. लिटरमागे मिथेनही १२ ते १४ टक्के कमी झाला. हे वेगळे औषध न देता, घरातल्याच चाऱ्याचे प्रमाण बदलून झाले.

ती योजना २०१९ मध्ये संपली, पण सल्ला अजून मिळू शकतो. तुमच्या गावातल्या डेअरीच्या सचिवांना विचारा की दूध संघाचे पशुवैद्यक किंवा विस्तार कर्मचारी गावात कधी येतात. त्यांच्याकडून आपल्या गायीचा आहार लिहून घ्या. खनिज मिश्रणाचे प्रमाणही विचारा. मोठ्या गायीला ते साधारणपणे दिवसाला ५० ग्रॅम सांगितले जाते.

हिरव्या चाऱ्यासाठी संकरित नेपियर एकदा लावले की काही वर्षे कापता येते. बांधावर किंवा गोठ्याच्या सांडपाण्याच्या पाटाकडेलाही ते येते. पेंढा कडबाकुट्टीवर बारीक केला तर गव्हाणीत टाकून दिला जाणारा भाग कमी होतो. चाऱ्याचे बियाणे, ठोंबे आणि कडबाकुट्टी यांवरच्या अनुदानासाठी तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचारा. ही मदत निधी असेल तेव्हा आणि ठरलेल्या संख्येपुरतीच असते. अर्ज लवकर दिलेला बरा.

पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करूनही त्याची पचनीयता वाढते. ती पहिल्यांदा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करा. युरियाचे प्रमाण चुकले तर जनावर दगावू शकते. लहान वासरांना असा पेंढा देऊ नये.

राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास किंवा चारा-विटा बनवणाऱ्या उद्योगाला खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे. दोन गायींच्या घराला ही योजना एकट्याने झेपणारी नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट किंवा सहकारी संस्था म्हणून मात्र तिच्यासाठी अर्ज करता येतो. गावात चाऱ्याची टंचाई कायमची असेल, तर डेअरीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा.

२. वेळेवर गाभण, निरोगी जनावर

राष्ट्रीय गोकुळ अभियान २०१४ मध्ये सुरू झाले. त्यातून कृत्रिम रेतनाची सेवा दिली जाते, तसेच लिंगनिर्धारित वीर्यमात्रांवर अनुदान मिळते. या मात्रांमुळे कालवड होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात वाशीम येथे देशी बनावटीच्या लिंगनिर्धारण तंत्राचे लोकार्पण झाले. आयात तंत्रापेक्षा त्याची मात्रा स्वस्त आहे. तुमच्या दृष्टीने मुद्दा असा: उपयोगाविना पोसावा लागणारा गोऱ्हा जन्माला येण्याऐवजी उद्याची दुभती गाय घरातच तयार होते.

गाय माजावर आल्याची तारीख, रेतनाची तारीख आणि गाभण तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. माज चुकला की २१ दिवस गेले, हे तुम्हाला सांगायला नको.

लाळ्या-खुरकूत रोगाची लस राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून मोफत दिली जाते. लसीकरणाची फेरी गावात आली की जनावर गोठ्यातच ठेवा. आजारी जनावर चारा खाते आणि दूध देत नाही, म्हणजे नुकसानही वाढते आणि लिटरमागचा मिथेनही. तातडीच्या उपचारासाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे.

३. शेण: खड्ड्यात की गोबर गॅसमध्ये?

ढेकरापेक्षा शेणातून निघणारा मिथेन कमी असतो, पण तो पकडता येतो. उन्हात सुकलेल्या शेणातून मिथेन कमी निघतो. पाणी साचलेल्या, हवा न मिळणाऱ्या खड्ड्यातून तो जास्त निघतो. गोबर गॅसच्या टाकीत हाच वायू तयार होऊन चुलीवर जळतो. सिलिंडरचा खर्च वाचतो आणि उरलेली स्लरी खत म्हणून गुलाबाच्या, भाजीच्या किंवा चाऱ्याच्या शेतात जाते.

१ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे २५ किलो शेण लागते. दोन-तीन मोठी जनावरे असतील तर ते भागते. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात १ ते २५ घनमीटरच्या संयंत्रांना आकार आणि प्रदेशानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये अनुदान ठरवले होते. त्यातली ९,८०० ही रक्कम सर्वसाधारण राज्यांतल्या सर्वांत लहान संयंत्राची आहे. हा कार्यक्रम २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत मंजूर होता. म्हणून खड्डा खणण्याआधी सध्या कोणते दर लागू आहेत, हे तालुका पंचायतीत विचारा आणि मंजुरी हातात आल्यावरच काम सुरू करा. आधी बांधून मग अर्ज केल्यास अनुदान अडकू शकते.

घरी जागा नसेल तर गोबरधन योजनेकडे पाहा. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) अंतर्गत २०१८ मध्ये ती सुरू झाली. तिच्यात गावाच्या सामूहिक संयंत्रासाठी निधीची तरतूद होती. अर्ज व्यक्तीने करायचा नसतो, तो ग्रामपंचायतीमार्फत जातो. ग्रामसभेत ठराव मांडणे हे तुमचे काम.

एक काळजी घ्या. गळके संयंत्र हवामानाला उलट जास्त हानी करते, कारण पकडलेला मिथेन थेट हवेत जातो. पाइप, झाकण आणि शेगडीची नळी दर महिन्याला साबणाच्या पाण्याने तपासा.

४. पैसा: प्रोत्साहनधन आणि कर्ज

कर्नाटकात दूध संघाच्या डेअरीत दूध घालणाऱ्यांना क्षीरधारे योजनेतून राज्य सरकार लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहनधन देते. ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. ही रक्कम लिटरवर मिळते. त्याच गायीचे दूध दिवसाला १ लिटरने वाढले, तर दुधाच्या दराशिवाय ३०० दिवसांत १,५०० रुपये अधिक मिळतात. खनिज मिश्रणाचा खर्च त्याच्याशी ताडून पाहा.

किसान क्रेडिट कार्ड पशुपालकांनाही मिळते. जमीन नसली तरी चालते. २ लाख रुपयांपर्यंतच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर व्याज सवलत आहे आणि वेळेवर फेड केल्यास व्याज ४ टक्क्यांपर्यंत खाली येते. सावकाराकडून उचल घेऊन चारा विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

‘हरित धारा’ म्हणजे काय?

आनेकलहून होसूर रस्त्याने शहरात गेलात की आडुगोडी येथे राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्र संस्था लागते. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले. त्यामुळे मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी होतो, असे संस्थेचे म्हणणे आहे. २०२१ साली त्याचा खर्च किलोला सुमारे ६ रुपये सांगितला गेला होता.

हे तंत्रज्ञान आहे, अनुदानाची योजना नव्हे. त्याच्या नावाने कोणी नोंदणी फी मागत असेल तर देऊ नका. आणि क्रम लक्षात ठेवा. ज्या गायीला पोटभर चारा आणि खनिजे मिळत नाहीत, तिला आधी तेच हवे. पूरक खाद्य त्याच्या नंतर येते.

कार्बन क्रेडिटच्या कागदावर सही करण्याआधी

गोबर गॅसमुळे वाचलेल्या उत्सर्जनाची विक्री करता येते. याचे जुने उदाहरण बेंगळुरूच्या उत्तरेला बागेपल्ली येथे आहे. तिथल्या ५,५०० घरगुती संयंत्रांचा प्रकल्प २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत नोंदला गेला. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघानेही एनडीडीबीच्या साहाय्याने सभासदांच्या घरी बायोगॅस बसवण्याचा कार्यक्रम घेतला आहे. अशा कार्यक्रमांत संयंत्र स्वस्तात मिळते, कारण खर्चाचा काही भाग क्रेडिटच्या विक्रीतून भरून काढला जातो.

तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर चार गोष्टी विचारा:

- क्रेडिटची मालकी कोणाकडे राहणार आणि किती वर्षे?
- संयंत्र बिघडले तर दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत?
- मध्येच जनावर विकले किंवा संयंत्र बंद केले तर दंड आहे का?
- करारनामा तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत मिळेल का?

उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका. शक्य असेल तर एकट्याने करार करण्यापेक्षा डेअरी किंवा बचत गटामार्फत करा.

उरलेला प्रश्न: भार कोणावर?

वरच्या योजना एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. मोठे भांडवली अनुदान संस्था आणि उद्योजकांना सोयीचे आहे. गोबर गॅसला जागा आणि किमान दोन-तीन जनावरे लागतात. एका गायीवर घर चालवणाऱ्या, बिनजमिनीच्या कुटुंबाला सर्वांत जास्त उपयोग होतो तो सल्ला, लस, वेळेवर रेतन आणि स्वस्त चारा यांचा. या गोष्टींचा फलक लागत नाही, उद्घाटन होत नाही. म्हणून त्यांची मागणी तुमच्याकडूनच यायला हवी. हवामानाच्या नावाने छोट्या पशुपालकावर बोजा पडू नये, हे बरोबरच आहे. पण हवामानाच्या नावाने येणारा फायदा त्याच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हेही तितक्याच जागरूकपणे पाहायला हवे.

या महिन्यात करायच्या पाच गोष्टी

१. प्रत्येक जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला तपासा. नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लावून घ्या. अनेक योजनांना तो लागतो.

२. फ्रूट्स ओळख क्रमांक (एफआयडी), आधार आणि बँक खाते एकमेकांशी जोडलेले आहे का, हे रैत संपर्क केंद्रात किंवा डेअरीत पाहा. क्षीरधारेची रक्कम अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

३. एका गायीचा आठवडाभराचा चारा, खुराक आणि दूध वहीत लिहा. ती वही घेऊन पशुवैद्यकाकडून आहार ठरवून घ्या.

४. विल्यानंतर तीन महिन्यांत जी गाय गाभण राहिली नाही, तिची तपासणी करून घ्या.

५. पुढच्या ग्रामसभेत किंवा डेअरीच्या सभेत चाऱ्याचा आणि सामूहिक गोबर गॅसचा विषय लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी: क्षीरधारे योजना आणि एफआयडी कर्नाटकापुरते आहेत. किसान क्रेडिट कार्ड, मोफत लस, गोकुळ अभियान, पशुधन अभियान आणि १९६२ हा क्रमांक तुमच्याकडेही लागू आहेत. अर्ज पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे करा. अनुदानाचे दर आणि मुदती बदलत असतात. अर्ज करण्याआधी कार्यालयात चालू आदेश पाहून घ्या.